तोंडं भिंतीकडे

रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या गोदामाच्या ऑफिसात जेवढी माणसं असतील तेवढी सगळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मॅनेजर केणी साहेब, गाड्या लावणारे रियाझभाई, मी, आणि चहा घेऊन कुणी आलं असेल तर तोही, हातातल्या किटलीसकट. वाघमारे मॅडम संगणकासमोर बसलेल्या असायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "तोंडं भिंतीकडे." मग पाठीमागे बटणांचा आवाज सुरू व्हायचा. तो बराच वेळ चालायचा आणि शेवटी एक ठसठशीत टक् व्हायची. "वळा," असं त्यांनी म्हटलं की आम्ही वळायचो, आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. भिवंडीजवळ राहनाळला आमच्या भातशेतीवर तोवर गोदामं उभी राहिली होती, आणि मुंबईच्या एका कंपनीने त्यातले चार गाळे भाड्याने घेतले होते. आमच्याकडे जागा देताना एक रीत पाळतात. घरातल्या एका मुलाला कंपनीने कामावर घ्यायचं, आणि प्रत्येक शटरच्या कुलपाची जोड चावी जमीनमालकाच्या घरी द्यायची. नोकरी मला मिळाली. जोड चाव्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ओटीवर खुंट्यांना लटकल्या. चावी घरात असली की जमीन अजून आपलीच आहे, असं आबांना वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

सुजाता वाघमारे भिवंडी शहरातून स्कूटरवरून यायच्या. तिशीच्या, शेलाट्या, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. वडील लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे फिटर होते, हे त्या पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगून मोकळ्या झाल्या. "माझ्या वडिलांनी बंद पडलेल्या लूमला कधी आधी हात लावला नाही. आधी कान लावायचे," असं त्या म्हणायच्या. संगणकाशीही त्या तशाच वागायच्या. पडद्यावर काही उमटलं की बाकीचे आम्ही घाईघाईने बटण दाबायला धावायचो, तर त्या बोटाने आमचा हात बाजूला करायच्या. "आधी वाचा, मग दाबा. ते तुमच्याशी बोलतंय ना? मग समोरच्याचं ऐकून घ्यायची रीत आहे की नाही?"

भिंतीकडे तोंड का करायचं, ते सांगायला हवं. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा ती यादी हेड ऑफिसच्या मोठ्या संगणकात असायची. ती आमच्याकडे उतरली तरच गेटपास छापले जायचे, आणि गेटपासशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. त्या मोठ्या संगणकात शिरण्यासाठी एसएसएच नावाची सोय होती आणि तिला एक चावी लागायची. ही चावी म्हणजे लोखंडाची नव्हे, आमच्या संगणकात ठेवलेली एक फाइल. ती मॅडमनी बनवली होती, आणि तिला एक पासफ्रेज घातला होता. आम्ही त्याला पासवर्ड म्हटलं की त्या चिडायच्या. "पासवर्ड नाही. पासवर्ड म्हणजे एक शब्द. हे अख्खं वाक्य आहे, माझं." सकाळी ते वाक्य एकदा टाइप केलं की संगणक चालू असेपर्यंत चावी त्याच्या स्मरणात राहायची आणि दिवसभर पुन्हा विचारणा होत नसे.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हटलं होतं, "मॅडम, ह्या चावीची एक जोड आमच्याकडे द्यायला लागेल. सगळ्या चाव्यांची असते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठे लटकवणार, भोईर? खुंटीला?"

रियाझभाई खो खो हसले. ते मूळचे उत्तरेकडचे, पण भिवंडीत केस पिकलेले. "मॅडम, इनके आबा हवा को भी ताला लगा दें, और जोड चावी घर ले जाएं."

मॅडम हसल्या नाहीत. एका कागदावर त्यांनी मला काढून दाखवलं. कुलूप हेड ऑफिसात, चावी इथे, आणि चावी ज्या पेटीत ठेवली आहे ती पेटी त्यांच्या वाक्याने उघडते. "आणि तुम्ही आला नाहीत तर?" मी विचारलं. "तर नवी चावी बनवा आणि हेड ऑफिसला तिथलं कुलूप बदलायला सांगा. एक दिवस जाईल. चावीची फाइल बिघडली तर तिची नक्कल सीडीवर आहे, पाकिटात, साहेबांच्या कपाटात, माझ्या सहीने बंद केलेली. पण वाक्य मागायचं नाही. मी मेले तरी ते माझ्याबरोबर जाईल."

त्या वर्षी दसऱ्याला ऑफिसात यंत्रपूजा झाली. भिवंडीत लूमपासून रिक्षापर्यंत सगळ्याला त्या दिवशी झेंडू लागतो. मी हळदकुंकवाची वाटी घेऊन संगणकाकडे निघालो तर मॅडम आडव्या उभ्या. "हार घाला, कौतुक करा, नमस्कार करा. हळद बटणात गेली तर मात्र ती तुम्हाला चाटून साफ करायला लावीन." केणी साहेब म्हणाले, "मॅडम, रीत असते." त्या म्हणाल्या, "रीत आहे ना? मग साहेबांच्या मोबाइलला लावा आधी." साहेबांनी मोबाइल पटकन खिशात टाकला. तरीही, त्या जेवायला गेल्या तेव्हा मी चिमूटभर कुंकू कीबोर्डवर वाहिलंच. आपल्या जागेतल्या यंत्राची पूजा कुणी अडवलेली मला सहन होत नव्हती.

आणि मग आबा आले. भाताच्या कापणीआधी एकदा गोदाम बघून जायची त्यांची पद्धत होती. ते नेमके नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसात शिरले आणि पाहतात तर आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे.

"बाबा, तुम्ही पण," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द तोच. "तोंड भिंतीकडे."

"मी न्हाय वलायचा," आबा म्हणाले. "जागा माझी हाय."

"जागा तुमचीच आहे. वाक्य माझं आहे." मॅडमनी दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. "तुम्ही उभे राहा, मी बसते."

घड्याळाचा काटा सरकत राहिला. बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. केणी साहेब भिंतीकडे तोंड ठेवूनच "आबा, जरा... आबा" असं पुटपुटत होते. शेवटी आबांनी काठी आपटली आणि ते बाहेर निघून गेले. ते वळले नाहीत, पण त्यांना जावं लागलं. मागून बटणांचा आवाज सुरू झाला.

त्या दिवशी जेवताना आबा मला म्हणाले, "तुला नोकरीला लावला तो भित बगायला काय रं? आपल्या बांधावर उभी र्‍हाऊन ती वाघमाऱ्याची पोर आपल्याला तोंड फिरवाला सांगतं, न तू फिरवतंस?" त्यांनी आडनाव ज्या सुरात घेतलं तो सूर मला ओळखीचा होता. मी त्यांना अडवलं नाही. आता वय झाल्यावर स्वतःला विचारतो, तिथे दुसऱ्या कुणा घरची बाई बसलेली असती तर ती भिंत मला इतकी टोचली असती का? उत्तर मला माहीत आहे, आणि ते लिहायला लाज वाटते. नसती टोचली.

म्हणून मी जोड चावी बनवायची ठरवलं. मॅडम तिसऱ्या गाळ्यातल्या संगणकासाठी चावी बनवत होत्या तेव्हा मी मागून ती आज्ञा पाहिली होती आणि गेटपासच्या पाठीवर लिहून घेतली होती. एका मंगळवारी त्या जेवायला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि अक्षर अक्षर जुळवत ती टाइप केली. संगणकाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. शेवटी वाय की एन, असं होतं. आमच्या गेटपासच्या प्रोग्रॅममध्ये दिवसभर असाच प्रश्न यायचा आणि आम्ही न बघता वाय दाबायचो. मी वाय दाबला. मग त्याने पासफ्रेज मागितला. मी आमच्या जमिनीचा सात-बारावरचा सर्व्हे नंबर टाकला, हिस्सा नंबरासकट. आमच्या घरात सगळ्यालाच तो नंबर असतो. गेटवरच्या पाटीवर तो, आबांच्या ट्रॅक्टरवर तो, माझ्या बाइकच्या टाकीवरही तोच रंगवलेला.

काम झालं. मग मी हेड ऑफिसच्या संगणकात शिरून बघितलं आणि लगेच शिरता आलं. घरी जाऊन छाती फुगवून सांगितलं, "आबा, तिच्या चावीची जोड आपल्याकडं पण हाय आता." आबांनी मान हलवली आणि पाटावरून उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची ऊब मला अजून आठवते, हेच वाईट आहे.

मी काय केलं होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. संगणकाने मला विचारलं होतं, की या नावाची चावी आधीच आहे, ती पुसून तिच्या जागी नवी ठेवू का? आणि मी हो म्हटलं होतं. मॅडमची चावी मी पुसली होती. कुणाला कळलं नाही, कारण त्यांची जुनी चावी संगणकाच्या स्मरणात जिवंत होती आणि तिच्यावरच सगळं चालत होतं. मलाही जे दार उघडलं ते तिनेच उघडलं होतं. दिवाळीच्या मालाची घाई होती, रात्रीही गाड्या भरत होत्या, म्हणून त्या आठवड्यात संगणक बंदच झाला नाही. मॅडम सकाळी यायच्या, चावी स्मरणात आहे हे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज भिंतीला सुट्टी."

मग सोमवारी पहाटेपासून लाइट गेली. ऑक्टोबरातलं भारनियमन, त्यात बॅटरी जुनी. संगणक बंद पडला आणि त्याचं स्मरण गेलं. नऊला लाइट आली. मॅडम बसल्या. "तोंडं भिंतीकडे." आम्ही फिरलो. बटणं वाजली, टक् झाली. पण "वळा" आलं नाही. पुन्हा बटणं, पुन्हा टक्. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" केणी साहेबांनी भिंतीला विचारलं.

"पासफ्रेज चुकीचा म्हणतंय."

फाटकात बावीस गाड्या उभ्या होत्या. मॅडम घाबरल्या नाहीत, कान लावायला लागल्या. कॅप्स लॉक पाहिला. मग कीबोर्ड उलटा करून आपटला आणि त्यातून कुंकू पडलं. त्यांनी ते बोटावर घेऊन माझ्याकडे धरलं. मी खाली पाहिलं. त्यांनी तिसऱ्या गाळ्यातला कीबोर्ड आणवला, पुन्हा आम्हाला फिरवलं, पुन्हा टाइप केलं. तेच उत्तर.

"विसरलात वाटतं," केणी साहेब म्हणाले. ते तसे वाईट नव्हते. पण हेड ऑफिसचा फोन वाजायला लागला की ते आधी कुणाचं तरी नाव शोधायचे. "माणूस आहे, विसरतो. तुम्ही तसं म्हणा, विषय संपला."

"विसरले असते तर म्हटलं असतं. साहेब, स्वतःचं वाक्य आहे. तुम्ही तुमच्या मुलीचं नाव विसरता का?"

त्यांनी पर्समधून छोटी वही काढली. चावी बनवली त्या दिवशी तिच्या ठशाचे आकडे त्यांनी त्यात उतरवून ठेवले होते. प्रत्येक चावीचा असा वेगळा ठसा असतो, आपल्या अंगठ्याचा असतो तसा. त्यांनी पडद्यावर चावीचा ठसा काढला आणि वहीशेजारी धरला. मग फाइलची तारीख पाहिली.

"ही चावी माझी नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी कुणीतरी माझी पुसून ही ठेवली. मी तेव्हा जेवत होते. इथे कोण होतं?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की तो वाय कशाला दाबला होता. मी बोलू शकत होतो. फार तर साहेब ओरडले असते, जागामालकाच्या मुलाला कुणी काढलं नसतं. हे सगळं समजत असूनही मी गप्प राहिलो.

"तोंडं भिंतीकडे," मॅडम अचानक म्हणाल्या. आम्ही फिरलो. या वेळी आवाज छोटा होता. पाच-सहा बटणं, टक्, आणि शांतता. "वळा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

"साहेब, कपाट उघडा. पाकिटातली सीडी द्या."

पण तोवर केणी साहेबांनी हेड ऑफिसशी बोलून घेतलं होतं. टेबलावर एक छापलेला कागद होता. 'मी पासफ्रेज विसरल्यामुळे आज गाड्या थांबल्या. ही माझी चूक आहे.' खाली सहीची जागा. "आधी ही सही करा," ते म्हणाले, "मग कपाट उघडतो. वर उत्तर द्यायचंय मला."

मॅडमनी कागद वाचला. आधी वाचायची त्यांची सवय होतीच. मग तो त्यांनी उलटा करून ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घालून बसल्या. "कपाट उघडा. सही मिळणार नाही."

"मॅडम, या महिन्यात तुमचं काँट्रॅक्ट संपतंय. विचार करा."

"केला. जे झालं नाही ते मी लिहून देणार नाही. एकदा लिहून दिलं की उद्यापासून सगळे म्हणणार, वाघमारे विसरते. मला या खुर्चीपर्यंत यायला किती वेळा सिद्ध करावं लागलंय, तुम्हाला माहीत आहे? इथून मला उठवा, पण विसराळू म्हणून नाही."

गाड्यांचे ड्रायव्हर दारात जमले. एकाने विचारलं, "क्या हुआ, मशीन मर गया?" दुसरा म्हणाला, "नहीं रे, मॅडम भूल गयी." तो शब्द मॅडमच्या कानावर पडला. मान ताठ झाली, पण घडी सुटली नाही. अर्धा तास गेला, मग पाऊण. केणी साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी रियाझभाई पुढे आले. "साहब, खोल दो ना कपाट. कागज का क्या है, काला तो बाद में भी हो जाएगा. माल में दवाई है, आइसक्रीम का पावडर है, और धूप देखो."

साहेबांनी कपाट उघडलं.

पाकीट मॅडमनी सगळ्यांसमोर फोडलं, आधी आपली सही सगळ्यांना दाखवून. सीडीवरची चावी संगणकात उतरवली. आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत धोक्याची पाटी आली. दारातून हसू फुटलं. साहेब किंचाळले, "आता हे काय?"

"चावी उघड्यावर पडलीय, कुणीही वाचू शकेल, अशी घेणार नाही म्हणतंय." त्या पहिल्यांदा हसल्या. "शहाणं आहे. माणसांपेक्षा." एक ओळ टाइप करून त्यांनी चावी फक्त आपल्यापुरती केली. मग खुर्ची पुढे घेतली आणि दाराकडे पाहून म्हणाल्या, "सगळे. ड्रायव्हर पण. तोंडं भिंतीकडे."

आणि सगळे फिरले. दारातल्यांना भिंत नव्हती म्हणून ते गाड्यांकडे तोंड करून उभे राहिले. बटणांचा आवाज सुरू झाला. तो आवाज मला पाठ होता, त्याची लांबी, मधे दोनदा थांबणं. तोच होता तो. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. टक्. आणि शेजारचा प्रिंटर खरखरत गेटपास ओकायला लागला.

"चल गई!" रियाझभाई ओरडले. "चल गई रे, गाडी लगाओ! कौन बोला था मॅडम भूल गयी? उसकी गाडी आखिर में!"

मॅडमनी "वळा" म्हटलं नाही. त्या रजिस्टर उघडून लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. 'मंगळवारी दुपारी माझ्या गैरहजेरीत चावीची फाइल पुसून दुसरी ठेवली गेली. आज नकलेवरून काम सुरू केले. पासफ्रेज मी विसरलेले नाही.' खाली लिहिलं होतं, 'चावी बदलणाऱ्याचे नाव', आणि पुढे कोरी ओळ. "ज्याने केलंय त्याने भरायची," त्या म्हणाल्या. "मी कुणाला विचारणार नाही." रजिस्टर त्यांनी टेबलावर उघडंच ठेवलं, आणि त्याच्यावर पेन.

तीन आठवडे ते पान तिथे उघडं होतं. रोज सकाळी मी भिंतीकडे तोंड करायचो तेव्हा ते माझ्या कोपराशी असायचं. मी पेन दोनदा उचललं. एकदा तर नावाचं पहिलं अक्षरही लिहिणार होतो, तेवढ्यात केणी साहेब आले. खोटं कशाला सांगू, ते आले नसते तरी मी लिहिलं नसतं.

महिनाअखेरीला काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. साहेबांनी 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' असा कागद पुढे केला, मॅडमनी त्यातला 'स्वखुशीने' खोडला आणि मग सही केली. त्यांच्या जागी तात्पुरतं मी बसायचं ठरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी उभ्या राहिल्या, आणि माझ्यासाठी नवी चावी बनवायला शिकवलं. वाय की एन आलं तेव्हा मी हात काढून घेतला. "वाचा," त्या म्हणाल्या. मी मोठ्याने वाचलं. त्यांनी मान हलवली. मग पासफ्रेजची विचारणा आली.

आणि त्या वळल्या. आजवर सगळ्यांना फिरवणारी बाई स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखी सरळ.

"टाका," त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "आणि भोईर, सात-बाराचा नंबर टाकू नका. तो मला पहिल्याच फटक्यात सापडला होता."

मी कीबोर्डवरून हात काढले. "मॅडम, तुम्हाला..."

"त्याच दिवशी. गेटवर केवढी मोठी पाटी आहे."

"मग तुम्ही नाव का नाही घेतलंत?"

"मी घेतलं असतं तर ती माझी तक्रार झाली असती. जागामालकाच्या मुलावर काम सोडून जाणारीची तक्रार. ती कुणी ऐकली असती? तुम्ही घेतलं असतंत तर ते खरं झालं असतं." त्या अजून वळल्या नव्हत्या. "टाका वाक्य. मी बघत नाहीये."

मी काहीतरी टाइप केलं. त्यांनी स्कूटरची चावी उचलली, रियाझभाईंनी दिलेली मिठाईची पुडी पर्समध्ये ठेवली आणि निघून गेल्या. फाटकातून जाताना त्यांनी पाटीकडे पाहून हॉर्न दिला, एकदाच, लांबलचक.

कंपनीने पुढे गाळे सोडले. रिकाम्या गाळ्यात राहिलेल्या कागदांच्या ढिगात मला ते रजिस्टर सापडलं. कोरी ओळ तशीच होती. आबा तोवर गेले होते. मी ओळीवर माझं नाव लिहिलं आणि रजिस्टर घेऊन भिवंडीत मॅडमच्या घरी गेलो. त्या तेव्हा ठाण्याला एका कंपनीत संगणक विभाग सांभाळत होत्या, हाताखाली सहा माणसं. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, पान वाचलं. सावकाश, दोनदा.

"हे मला कशाला दाखवता?" त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

"माफी मागायला आलोय, मॅडम."

"माझ्या घरात बसून? दार लावून?" रजिस्टर त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "भोईर, मला बावीस गाड्यांसमोर विसराळू म्हटलं गेलं. तेव्हा जे उभे होते त्यांना सांगा. मला कानात सांगितलेली माफी नको."

त्यांनी ती घेतलीच नाही. दारापर्यंत सोडायला आल्या, पण चेहरा मऊ केला नाही. केला असता तर मी आज सुखाने झोपलो असतो, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मी सांगायला निघालो तेव्हा सांगायला कुणी उरलं नव्हतं. केणी साहेब कुठल्याशा दुसऱ्या शहरात गेले होते, पत्ता कुणाकडे नव्हता. रियाझभाई गावी परतले होते. फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "हमको मालूम था, भोईर. सिर्फ तुम्हारे मुंह से सुनना था. बहुत देर कर दी." बावीस ड्रायव्हर कुठल्या कुठल्या रस्त्यांवर पांगले, कोण जाणे. हायवेवरच्या मानकोली नाक्यावर उभा राहून मी प्रत्येक ट्रक थांबवू शकत नाही.

म्हणून हे छापायला देतो आहे. ज्यांनी वाघमारे मॅडमना कधी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगायचं आहे, की राहनाळच्या एका गोदामात एक बाई होती. तिने जमीनमालकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना भिंतीकडे फिरवलं, आणि जे झालं नाही त्याखाली सही केली नाही. तिचं वाक्य काय होतं ते मला आजही माहीत नाही. ती ते कधीही विसरली नव्हती, हे मात्र मी शपथेवर सांगतो. रजिस्टर माझ्यासमोर उघडं आहे आणि त्यातली ती ओळ इथे सगळ्यांसमोर उतरवतो.

चावी बदलणाऱ्याचे नाव: दामोदर काशिनाथ भोईर, राहनाळ.